मिथिलिन ब्लू साफ होतो, डाईंगचं सांडपाणी का होत नाही?

प्रश्न
झिंक ॲसिटेट आणि कॉस्टिकपासून झिंक ऑक्साइडचे नॅनोकण केले, ४०० अंशांवर भाजले. १० पीपीएम मिथिलिन ब्लू (चाचणीसाठी वापरतात तो निळा रंग), १०० मिली, पावडर ५० मिग्रॅ, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील (यूव्ही) दिवा: दीड तासात रंग जवळपास गेला. हीच मात्रा इचलकरंजीच्या एका डाईंग युनिटच्या पाण्यात (सुती कापड, रिॲक्टिव्ह रंग, पीएच ११) टाकली तर रंग जेमतेम हलतो. पावडर वाढवू का?

उत्तर
नको. लिटरला ग्रॅमभराच्या पुढे पाणी दुधाळ होतं आणि प्रकाश आत शिरत नाही. खरी गोम रंग पक्का करायला घातलेल्या सोडा ॲशमध्ये (सोडियम कार्बोनेट) आहे. प्रकाशात पावडरवर तयार होणारे, रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल रंगावर जाण्याआधी कार्बोनेटच त्यांना खाऊन टाकतं. शिवाय पीएच ११ ला झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग ऋणभारित, आणि सल्फोनेट गटांमुळे रंगही ऋणभारित. मग रंग पावडरवर बसणार कसा?

पाणी गाळा, सल्फ्युरिक ॲसिडने पीएच ४ वर आणा (फेस येतो, भांडं मोठं घ्या) आणि अर्धा तास हवा सोडा, म्हणजे कार्बोनेट वायू होऊन निघून जाईल. पण या पीएचला झिंक ऑक्साइड टाकलंत तर ते विरघळेल. आधी कॉस्टिकने ७.५ करा, नाहीतर सरळ पी-२५ टायटॅनिया (टायटॅनियम डायऑक्साइडची बाजारात मिळणारी पावडर) वापरा. तो ४ ला टिकतो, तिथे धनभारित असतो आणि हा रंग ओढून घेतो. पाणी गडद असेल तर पातळ करा, थर दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा.

आणखी एक
मोजमापही तपासा. दिवा लावण्याआधी अंधारात अर्धा तास ढवळून जे रीडिंग येतं, तिथून सुरुवात धरा. नाहीतर नुसतं शोषण (रंग पावडरला चिकटणं) विघटन म्हणून खपतं. पावडरशिवाय फक्त दिव्याचा एक ब्लँक (तुलनेचा नमुना) हवाच. नमुना सेंट्रिफ्यूज करा, काही सिरिंज फिल्टर स्वतःच रंग धरतात. मिश्र रंगांत मिथिलिन ब्लूच्या ६६४ नॅनोमीटरचा काही उपयोग नाही, ४३६, ५२५ आणि ६२० नॅनोमीटरला बघा. ॲझो बंध (रंगाच्या रेणूतला दोन नायट्रोजनमधला दुवा) तुटला की रंग जातो, ॲरोमॅटिक अमाइन मात्र राहू शकतात, म्हणून सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्याचं मोजमाप) लावाच. त्यात डाईंगच्या मिठाचा क्लोराइड आकडा फुगवतो. तो बांधून ठेवणारं मर्क्युरिक सल्फेट विसरू नका.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. टायटॅनिया परत कसा मिळवायचा? सेंट्रिफ्यूज लहान आहे.

उत्तर
शेवटी पीएच ६.५ च्या आसपास आणा. तिथे कणांवरचा भार जवळपास शून्य होतो, गुठळ्या होऊन पावडर रात्रभरात खाली बसते. वरचं पाणी हलक्या हाताने ओता, पावडर धुऊन १०० अंशांवर वाळवा. पिवळट राहिली तर पुढच्या फेरीआधी ४०० अंशांवर भाजा.