छत्तीसचा त्रेसष्ट होतो आणि कागद फाटतो

मुद्राराक्षस

मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. बोलायला लागला की कुणाला ऐकत नाही. काल झोपताना त्याने मला विहिरीत पडलेल्या पाणघोड्याची गोष्ट सांगितली, चांगली पंधरा मिनिटं, मध्ये दोन उपकथानकं. आज म्हटलं, तीच दोन ओळींत लिही. अर्ध्या तासात कागदावर आलं ते 'एक होत'. 'होता'तला काना पुढच्या ओळीत जाऊन एकटाच उभा होता.

पेन्सिल इतकी दाबतो की पान उलटलं तर खालच्या तीन पानांवर वळ दिसतात. 'इ' आली की कागद फाटतो. ३ आणि ६ तर कायम उलटे. छत्तीस लिही म्हटलं की ६३ लिहितो, म्हणजे पाठ फिरवून बसलेले दोघे आमच्याकडे तोंडाला तोंड लावून बसतात. पाच मिनिटांत 'हात दुखतो' सुरू होतं. शाळेतून सांगितलंय, रोज एक पान शुद्धलेखन लिहून घ्या. ते एक पान म्हणजे रोजची रडारड.

माझंही थोडं सांगतो. मी पोटासाठी मुद्रितं तपासतो. दिवसभर लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घांच्या मागे असतो, त्यामुळे त्याच्या शेजारी बसलो की हात आपसूक खोडरबराकडे जातो. परवा वही उघडल्यावर, एक अक्षरही लिहायच्या आधी, त्याने खोडरबर उचलून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून मला चैन नाही.

हे वयाने सुटेल, की कुणाला दाखवायला हवं? आणि तोवर मी नेमकं काय करू?

फळा_खडू

मी पहिलीला शिकवून निवृत्त झाले. आधी ते रोजचं पान बंद करा. शाळेला चिठ्ठी लिहून कळवा की सध्या रोज चार ओळीच होतील, पण न रडता होतील. पहिलीच्या बाईला हे कळतं. नाही कळलं तर भेटून सांगा.

मग तो लिहीत असताना अक्षराकडे न बघता टेबलाखाली बघा. पाय जमिनीला टेकतात का? मोठ्यांच्या खुर्चीवर बसलेलं पोर पाय लोंबकळत ठेवून कंबर सावरत असतं, मग सगळा जोर बोटांत उतरतो. पायाखाली काहीतरी घट्ट ठेवा. टेबल कोपराच्या उंचीला हवं, छातीला नको.

दुसरं, अक्षर तो कुठून सुरू करतो? झालेलं अक्षर बघून हे कळत नाही, होत असताना बघावं लागतं. बरीच मुलं काना खालून वर ओढतात, काही आधी शिरोरेघ मारून तिला अक्षर लटकवतात. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर.

आणि 'इ'ला सध्या हातच लावू नका. तिला टेकायला उभी रेघ नाही, वळणं एकमेकांच्या उलट जातात, शिवाय खाली शेपूट. आम्ही क-ख-ग-घ या क्रमाने लिहायला शिकवतच नव्हतो. ग म भ न आधी, कारण वळण सारखं. मग व ब क, मग प ष फ, मग ट ठ ढ द. एका वळणाचा हात बसला की त्या घरातली सगळी अक्षरं येतात. फळ्यावर मी मोठं अक्षर खडूने काढून द्यायचे. मुलाने ओल्या स्पंजच्या इवल्याशा तुकड्याने ते गिरवत पुसायचं, मग त्याच ओल्या वाटेवरून खडूने पुन्हा काढायचं. पुसायला मिळतं म्हणून पोरं एका पायावर तयार.

कडकलक्ष्मी७

आमच्या वेळी पट्टीचा एक फटका बसायचा, अक्षर मोत्यासारखं व्हायचं. हल्ली सगळ्यालाच थेरपी.

डावखुरी

@कडकलक्ष्मी, मला तो फटका डाव्या हातावर बसायचा. मोती काही आले नाहीत.

मुद्राराक्षस, मुलगा कोणत्या हाताने लिहितो ते लिहिलं नाहीत. डावखुरा असेल तर कागद उजवीकडे कलता ठेवा आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, नाहीतर लिहिलेलं हाताखाली झाकलं जातं आणि मनगट हुकासारखं वळतं.

मुद्राराक्षस

उजव्या. म्हणजे असं मी समजत होतो. तुमचं वाचून आज नीट बघितलं. फळ्यावर आडवी रेघ मारताना डावीकडून डाव्या हाताने सुरू करतो, मध्यावर आला की खडू उजव्या हातात घेतो. इतके दिवस माझं लक्षच नव्हतं.

फळा_खडू बाई (बाईच म्हणतो), पाय अर्थातच लोंबकळत होते.

मनगट

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिणं, बटणं लावणं अशा रोजच्या कामांत अडणाऱ्या मुलांना मदत करते. न बघता निदान करता येत नाही, पण काही गोष्टी सांगते.

३-६ च्या उलटसुलटीची सध्या चिंता नको. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप कपच राहतो, आणि मुलाच्या मेंदूने जन्मापासून हेच शिकलेलं असतं. दिशा बदलली की वस्तूच बदलते हा नियम फक्त अक्षर-आकड्यांच्या जगात आहे, तो अंगवळणी पडायला वयाची सात वर्षं पुरी व्हावी लागू शकतात. हात बदलणं मात्र मी टिपून ठेवलं असतं. साडेसहाव्या वर्षी शरीराच्या मध्यावरची कल्पित रेघ ओलांडताना हात बदलत असेल तर एकदा दाखवा. शर्टाची बटणं, बुटाची नाडी, कात्री, चेंडू झेलणं यांतही अडतो का, तेही बघा. डोळेही तपासून घ्या.

घरी एक करून बघा. एकच अक्षर घ्या, समजा 'म'. दाखवल्यावर ओळखतो का? हवेत बोटाने काढतो का? समोर बघून उतरवतो का? न बघता, नुसतं ऐकून लिहितो का? कुठल्या पायरीवर गाडी अडते ते कळलं पाहिजे. हवेत बरोबर आणि कागदावर चूक असेल तर अक्षर त्याला येतं, हात साथ देत नाही. मग पानंच्या पानं गिरवून घेण्यात अर्थ नाही, हाताचं काम वेगळं करायचं. भिंतीवर कागद चिकटवून उभ्याने चित्रं काढणं, कपड्यांचे चिमटे लावणं, चिकणमाती, कागद फाडून गोळे करणं. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं आणि खांद्याला काम मिळतं. पेन्सिल बोटभर लांबीचीच द्या. एवढ्याशा तुकड्याला मूठ घालताच येत नाही.

पकडीवरून मात्र फार टोकू नका. तीन बोटांऐवजी चार बोटांनी धरत असेल आणि हात दुखत नसेल तर चालतं.

दाबण्यासाठी कार्बन पेपरचा खेळ. वर एक कागद, खाली कार्बन आणि कोरा, परत कार्बन आणि कोरा. पहिल्या कोऱ्यावर उमटलं पाहिजे, दुसऱ्यावर उमटता कामा नये. पेन्सिल मऊ शिशाची, टूबी घ्या.

'लेखन-अक्षमता' असं नाव सात-आठ वर्षांच्या आधी सहसा कुणी देत नाही, पण मदत सुरू करायला त्या नावाची वाट बघायची गरज नसते. वाचनातही अडखळत असेल तर ते भेटीत आवर्जून सांगा.

आणि गोष्ट वेगळी, अक्षर वेगळं. गोष्ट त्याने सांगायची, तुम्ही लिहायची. तो पाणघोडा 'इ'पायी का बुडवताय?

मुद्राराक्षस

तीन आठवड्यांनी लिहितोय.

पायाखाली सुतळीने बांधलेले जुन्या मुद्रितांचे दोन गठ्ठे आले. मी एवढी वर्षं तपासलेल्या कागदांचा इतका उपयोग पहिल्यांदाच झाला. शाळेने चार ओळींना हो म्हटलं, कुरकुरत. कार्बनचा खेळ त्याला इतका आवडलाय की आता मलाही खेळावा लागतो, आणि मी हरतो. दुसऱ्या कोऱ्यावर माझं सगळं स्वच्छ उमटतं. दाबून लिहायची सवय कुणाकडून आली हा प्रश्न घरात विचारून झाला आहे.

'म' हवेत पहिल्याच फटक्यात बरोबर काढला. समोर बघूनही ठीक. नुसतं ऐकून लिही म्हटलं की पेन्सिल हवेत थांबते. ग म भ न जमतात, व ब क मधला 'क' पोट फुगवून बसतो. ३६ अजून ६३ आहे. चिमटे त्याने दोन दिवसांत सोडून दिले, माती टिकली.

काल पाणघोडा लिहायला घेतला. तो सांगत होता, मी लिहीत होतो. संपल्यावर वाचून दाखवलं तर म्हणाला, "बाबा, तू चुकलास. मी 'धपकन' म्हणालो, तू 'धपकन पडला' लिहिलंस. 'पडला' खोड." मी खोडरबर शोधायला लागलो. तेवढ्यात त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या 'पडला'वर दोन आडव्या रेघा मारल्या. कागद फाटला नाही.

पुढच्या आठवड्यात थेरपिस्टची वेळ मिळाली आहे. सोबत काय काय नेऊ?

मनगट

जुन्या वह्या, चांगली पानं निवडून न काढता. फाटलेलीही न्या. फळ्यावर हात बदलतो ते फोनवर टिपून घ्या, अनोळखी जागी तो कदाचित करणार नाही. आणि 'पडला'वर रेघा मारलेला तो कागद.