राखेचा बंधारा फुटल्यावर आदेश कोणी द्यायचा? किंग्स्टन २००८ विषयी काही प्रश्न

कन्हानकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नाल्यांत शिरले, हे नागपूर परिसरातील वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आता आमच्या गावातील आम्ही काही जण ग्रामपंचायतीसाठी एक टिपण तयार करीत आहोत. अशा प्रसंगी इतरत्र शासनाने आणि वीज कंपनीने पहिल्या काही दिवसांत नेमके काय केले, हे त्यात थोडक्यात यावे, अशी इच्छा आहे.

अमेरिकेतील टेनेसी राज्यात किंग्स्टन येथील औष्णिक केंद्राचा राखेचा बांध फुटून २२ डिसेंबर २००८ रोजी झालेल्या दुर्घटनेविषयी मी जे वाचले, त्यात प्रदूषणाची चर्चा भरपूर आहे. मात्र त्या रात्री घटनास्थळी सूत्रे कोणाच्या हाती होती, कंपनीने आपणहून काय केले आणि कोणाच्या आदेशाने काय केले, याचा उलगडा होत नाही. त्यानंतर तेथील नियमांत असा काही बदल झाला का, की ज्यामुळे खालच्या बाजूच्या वस्तीला बंधारा फुटण्यापूर्वीच धोक्याची माहिती मिळावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त अभियंता

माझी बरीच नोकरी औष्णिक केंद्राच्या राख हाताळणी विभागात गेली, त्यामुळे किंग्स्टनचा अभ्यास आम्ही त्या काळी बारकाईने केला होता. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ८४ एकरांच्या राख साठवण क्षेत्राचा सुमारे ६० फूट उंचीचा बांध सरकला आणि ५४ लाख घनयार्ड, म्हणजे साधारण ४१ लाख घनमीटर, ओली राख बाहेर पडून सुमारे ३०० एकरांवर पसरली. शेजारची खाडीसारखी पाणथळ जागा भरली, एमरी नदीचे पात्र अडले, तीन घरे राहण्याजोगी उरली नाहीत. रस्ता व केंद्राला कोळसा आणणारा लोहमार्ग गाडला गेला, शिवाय गॅसवाहिनी आणि जलवाहिनी फुटली. राखेच्या लोंढ्याखाली कोणीही मृत्युमुखी पडले नाही. डिसेंबरमधील कडाक्याची थंडी आणि रात्रीची वेळ, यांमुळे त्या पाण्यावर कोणी नव्हते. उन्हाळ्यातील सुटीचा दिवस असता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

सर्वप्रथम पोहोचले ते रोन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) स्थानिक बचाव दल, आणि घरे रिकामी करण्याचे काम त्यांनीच केले. त्याच दिवशी राज्याची आपत्ती यंत्रणा, संघीय पर्यावरण संस्था ईपीए हिचा घटनास्थळ समन्वयक आणि केंद्राची मालक असलेली टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, यांनी एकत्रित काम सुरू केले. नदीवरील धरणे टीव्हीएच्याच ताब्यात असल्यामुळे विसर्ग कमी करून राख खाली वाहून जाण्याचा वेग घटवता आला. पाठोपाठ एमरीच्या पात्रात पाण्याखाली दगडी बंधारा घालण्यात आला. उघडी पडलेली राख वाळून उडू नये म्हणून हेलिकॉप्टरने पेंढा आणि गवताचे बी टाकले गेले. खालच्या बाजूच्या पिण्याच्या पाण्याचे नमुनेही लगेच घेतले गेले आणि किंग्स्टन शहराचे शुद्ध केलेले पाणी मर्यादेत असल्याचे आढळले. अभियांत्रिकीच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रतिसाद मी चांगलाच म्हणेन.

मोजमाप आणि माहिती देणे या दोन्ही बाबतींत मात्र टीव्हीए उघडी पडली. पहिल्या दिवसांत तिने जो आकडा दिला तो १७ लाख घनयार्डांचा होता. चार दिवसांनी तोच ५४ लाखांवर गेला. अंधारात आणि गोंधळात अंदाज चुकणे मी समजू शकतो. परंतु बचाव दलाची माणसे, पाणीपुरवठ्याचे अधिकारी आणि घर सोडलेली कुटुंबे आपले निर्णय त्याच आकड्यावर घेत असतात, आणि तो आकडा ज्याचा बांध फुटला त्यानेच काढलेला होता.

कारणांविषयी थोडक्यात सांगतो. टीव्हीएने नेमलेल्या एकॉम या सल्लागार कंपनीला पायथ्याशी अतिशय बारीक, पाण्याने भिजलेल्या राखेचा कमकुवत थर सापडला. त्यावर वर्षानुवर्षे उंची वाढवत नेल्याने भार वाढत गेला होता. याच बांधातून २००३ आणि २००६ मध्ये गळती झाली होती. टीव्हीएच्याच अंतर्गत तपास कार्यालयाच्या महानिरीक्षकांनी पुढे असे नोंदवले की, मिळालेल्या इशाऱ्यांची योग्य दखल घेतली असती तर दुर्घटना कदाचित टळली असती.

सदाशिवपेठ_विधी

वरील प्रतिसादात अभियांत्रिकी आली. अधिकाराचा प्रश्न मी घेते, कारण मूळ प्रश्नाचा गाभा मला तोच वाटतो.

टीव्हीए ही १९३३ साली कायद्याने स्थापन झालेली संघीय सरकारची संस्था आहे. म्हणजे येथे वीज कंपनी आणि शासन असे दोन पक्ष समोरासमोर नव्हतेच. शासनाची एक संस्था राख सांडून बसली होती आणि दुसऱ्या दोन-तीन संस्थांनी तिला काय सांगावे, हे ठरायचे होते. राज्याच्या पर्यावरण विभागाने १२ जानेवारी २००९ रोजी टीव्हीएवर औपचारिक आदेश काढला. ईपीएने सुपरफंड कायद्याखाली (प्रदूषित जागांच्या सफाईचा संघीय कायदा) टीव्हीएशी जो बंधनकारक करार-आदेश केला त्याची तारीख ११ मे २००९ आहे. त्यानंतर सफाईचा प्रत्येक आराखडा ईपीएच्या मंजुरीने ठरू लागला आणि देखरेखीचा खर्चही टीव्हीएवर आला. घटनेपासून हा आदेश निघेपर्यंत जवळपास पाच महिने गेले होते, आणि या काळात साफसफाईचा वेग व क्रम मोठ्या प्रमाणात मालकाच्याच मर्जीने ठरत होता, असे माझे मत आहे.

या विलंबाचे एक कारण असे की, कोळशाच्या राखेच्या तलावांसाठी त्या वेळी कोणतेही देशव्यापी बंधनकारक नियम नव्हते. ते एप्रिल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे. तलावाचे वर्गीकरण, तो फुटल्यास जीवितहानी किंवा मोठे नुकसान होऊ शकेल काय, यावरून करावे लागते. ज्या तलावांचा धोका अधिक, त्यांच्या मालकाने लेखी आपत्कालीन कृती आराखडा करणे बंधनकारक आहे. कोणत्या परिस्थितीत आणीबाणी समजायची, ती ओळखण्याची जबाबदारी कोणाची, कोणाला कोणत्या क्रमाने कळवायचे, आणि राख कोठवर पसरेल याचा नकाशा, हे सर्व त्यात असावे लागते. स्थानिक बचाव यंत्रणेच्या प्रतिनिधींबरोबर वर्षातून एकदा प्रत्यक्ष बैठक घ्यावी लागते. प्रशिक्षित व्यक्तीने सात दिवसांच्या आत एकदा तरी पाहणी केलीच पाहिजे. हा आराखडा कंपनीच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता येईल असा ठेवावा लागतो, आणि ग्रामपंचायतीच्या दृष्टीने मला ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते.

किंग्स्टननंतर लगेच, २००९ मध्ये, ईपीएने देशभरातील तलावांची माहिती मागवून अतिधोकादायक अशा ४४ तलावांची यादी केली, तेव्हा आधी सुरक्षेचे कारण देऊन त्यांची ठिकाणे गुप्त ठेवण्यात आली होती. काही सिनेट सदस्यांनी आवाज उठवल्यावर ती जाहीर झाली. धरणाखाली राहणाऱ्यालाच धरणाचा धोका न सांगण्याचा हा तर्क मला आजही समजलेला नाही.

रॅलेवासी

मी नॉर्थ कॅरोलायनामध्ये राहतो. खाजगी कंपनीचे उदाहरण हवे असेल तर येथील डॅन नदी पाहावी. २ फेब्रुवारी २०१४ रोजी, रविवारी, ईडन येथे ड्यूक एनर्जीच्या बंद पडलेल्या केंद्रातील तलावाच्या तळाखालून जाणारी ४८ इंची पर्जन्यजलवाहिनी फुटली. पत्र्याची जुनी वाहिनी, आणि तिच्यावर राखेचा तलाव! सुमारे ३९ हजार टन राख आणि २ कोटी ७० लाख गॅलन पाणी नदीत गेले. जनतेला कंपनीकडून पहिले निवेदन मिळाले ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतर. वाहिनी पूर्णपणे बंद करायला सहा दिवस लागले. खालच्या बाजूला व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल शहर याच नदीचे पाणी पिते. तेथील जलशुद्धीकरण केंद्राने राख गाळून पाणी पिण्यायोग्य ठेवले, याचे श्रेय त्या नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना द्यायला हवे.

नदीतून परत काढता आली ती जेमतेम तीन हजार टनांच्या आसपास. मे २०१५ मध्ये कंपनीने संघीय न्यायालयात स्वच्छ जल कायद्याखालील नऊ गुन्हे कबूल केले आणि दंडासह एकूण १० कोटी २० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. कॅमेऱ्याने वाहिनीची तपासणी करावी, अशी मागणी कंपनीच्याच कर्मचाऱ्यांनी पूर्वी केली होती आणि ती फेटाळली गेली होती, हेही त्या खटल्यात समोर आले.

कन्हानकाठ

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. टीव्हीएबद्दलचा मुद्दा आम्हाला फारच जवळचा आहे, कारण आमच्याकडील केंद्रे राज्य शासनाच्या कंपनीची आहेत आणि त्यांच्यावर देखरेख करणारे मंडळही त्याच शासनाचे आहे. अशा स्थितीत पहिल्या दिवशी कंपनीच्या अधिकाऱ्याला आदेश देण्याचा अधिकार आपल्या कायद्यात कोणाला आहे?

सदाशिवपेठ_विधी

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ पाहावा. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष पदसिद्ध जिल्हाधिकारी असतात आणि कलम ३३ व ३४ खाली त्यांना जिल्ह्यातील विभागांना व अधिकाऱ्यांना उपाययोजनेचे आदेश देता येतात, साधनसामग्री मागवता येते, रस्ते बंद करता येतात. वाजवी कारणाशिवाय आदेश न पाळणाऱ्याला कलम ५१ प्रमाणे शिक्षा होऊ शकते. म्हणजे टेनेसीत जो अधिकार पाच महिन्यांनी पूर्णत्वाने वापरात आला, तो येथे कागदावर पहिल्या तासापासून उपलब्ध आहे. तो वापरण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती राख कोठवर जाईल याचा नकाशा असायला हवा, आणि तो नकाशा कंपनीकडे असतो.

आरोग्य_सेविका

निवृत्त अभियंता यांनी किंग्स्टनच्या प्रतिसादाला चांगला म्हटले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. राख उपसण्याच्या कामावर शेकडो कामगार वर्षानुवर्षे होते. धुळीपासून संरक्षण करणारे मुखवटे मागितले असता ते नाकारले गेले, असे त्यांतील अनेकांनी न्यायालयात सांगितले. त्यांना फुफ्फुसांचे आजार आणि कर्करोग झाले, अनेक जण दगावले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ज्यूरीने सफाईचे व्यवस्थापन करणाऱ्या जेकब्स इंजिनिअरिंग कंपनीने कामगारांच्या सुरक्षेचे कर्तव्य पाळले नाही, असा निर्णय दिला; तडजोड होईपर्यंत २०२३ उजाडले. नदीतून काढलेली बहुतांश राख रेल्वेने अलाबामातील युनियनटाउनजवळच्या भराव केंद्रावर गेली, जेथील रहिवासी प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीय आहेत. लोंढ्यात कोणी मेले नाही एवढ्यावर आपला हिशेब थांबता कामा नये. आपल्याकडे बंधारा फुटल्यावर फावडी घेऊन शेतातील राख उचलणारे मजूर कोण असतात आणि त्यांच्या तोंडावर काय असते, हेही टिपणात लिहावे, अशी विनंती आहे.

निवृत्त अभियंता

आरोग्य सेविका यांचा आक्षेप रास्त आहे. माझे विधान नदी आणि बांधापुरते मर्यादित समजावे. आपल्या देशात तर लोंढ्यानेही माणसे नेली आहेत. मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९, ऑक्टोबर २०१९ आणि एप्रिल २०२० अशा तीन वेळा तीन वेगवेगळ्या केंद्रांचे राखेचे बांध फुटले, आणि शेवटच्या, सासन येथील, घटनेत सहा जण दगावले.

टिपणासाठी व्यवहारातील सूचना करतो. राखेच्या वापराविषयी केंद्र शासनाची ३१ डिसेंबर २०२१ ची जी अधिसूचना आहे, तिच्यात राखेच्या तलावांच्या सुरक्षिततेचे दरवर्षी प्रमाणन व्हावे अशी तरतूद आहे. आपल्या शेजारच्या तलावाचे शेवटचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने माहिती अधिकारात मागावे. त्याच अर्जात बांधाची सध्याची उंची, ती शेवटची केव्हा वाढवली, बांधातील पाण्याची पातळी दाखवणारे पिझोमीटर किती आहेत व त्यांची नोंदवही कोण ठेवतो, हे विचारावे. पावसाळ्यात तलावावरील साचपाणी काढून टाकण्याची व्यवस्था चालू आहे की बुजलेली आहे, हे तर गावकरी स्वतःही पाहू शकतात. बांधाच्या पायथ्याशी नव्याने ओल दिसली, किंवा पाझराचे पाणी एरवी स्वच्छ असताना गढूळ येऊ लागले, तर त्या क्षणी दूरध्वनी कोणाला करायचा, त्या पाळी अभियंत्याचे पदनाम आणि नियंत्रण कक्षाचा क्रमांक मे महिना संपण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घ्यावा. कंपनीने क्रमांक दिला नाही, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या मान्सूनपूर्व बैठकीत सरपंचांनी तो लेखी मागावा आणि इतिवृत्तात त्याची नोंद झाली आहे याची खात्री करून घ्यावी.