मदत हवी आहे: चिखलदऱ्याच्या घाटासाठी सिंगल स्पीडला मागे किती दाते ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात परतवाड्याहून घाट चढून चिखलदरा, पुढे सेमाडोह आणि परत, अशी दिवसभराची फेरी आम्ही काही मित्र माउंटन बाइकवर करणार असून, मला ती माझ्या सिंगल स्पीडवरच (म्हणजे एकाच गिअरच्या सायकलवर) पूर्ण करायची आहे. चाके २९ इंची आहेत. पुढे पायडलच्या चक्राला ३२ व मागच्या चाकाच्या चक्राला १८ दाते आहेत. कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या आमच्याकडच्या सपाट पांदण रस्त्यांवर हे प्रमाण उत्तम चालते; परंतु सुमारे १,११८ मीटर उंचीवरील चिखलदऱ्यापर्यंतचा चढ सीटवरून उठून, हँडल ओढत किती वेळ निभेल, याची मला खरी काळजी वाटते, कारण गुडघ्यांवर ताण येतो तो तिथेच.

मागे २० दाते लावल्यास पायडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेदोनऐवजी १.६ वेळा फिरेल. चढ हलका होईल, पण सपाटीवर मिनिटाला ८० फेरे मारूनही वेग ताशी १८ किलोमीटरच्या आतच राहील. तरीही माझा कल २० कडेच आहे.

हा घाट गिअरशिवाय चढलेल्यांनी कृपया सांगावे: २० पुरतील की २२ लावावेत? मोठे फ्रीव्हील (मागचे दातेरी चक्र) बसवताना चेन किती वाढवावी लागते? आणि तीव्र वळणांवर उतरून चालल्याने पुढच्या टप्प्यासाठी खरोखर शक्ती वाचते का?