अँगस कळपासाठी वळू निवडताना नावलौकिकाला किती वजन द्यावे?

वंशवेध (धागाकर्ता)

मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या अँगस या गोवंशाच्या जातीचा नोंदणीकृत पैदास कळप उभा करू पाहणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो. ज्या वळूंनी जातीवर ठसा उमटवला आणि ज्यांची नावे वंशावळींत पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांचेच रेत वापरावे, बाकीचे आपोआप जुळून येते. हा सल्ला मला अर्धाच मान्य आहे. वळूचा प्रभाव त्याच्या रेताच्या खपावरून मोजू नये, त्याच्या मुली कळपात किती वेत टिकतात यावरून मोजावा, आणि तो कितीही गुणी निघाला तरी कळपातील त्याचा वाटा आधीच ठरवून मर्यादित ठेवावा, असे माझे मत आहे.

वळूची निवड इतकी निर्णायक का ठरते, हे साध्या हिशेबाने कळते. वासराला निम्मी आनुवंशिकता बापाकडून मिळते. आपण बाहेरून वळू आणत गेलो आणि कालवडी मात्र घरच्याच ठेवल्या, तर तिसऱ्या पिढीच्या वासरात शेवटच्या तीन वळूंचा वाटा अनुक्रमे ५०, २५ आणि १२.५ टक्के, म्हणजे एकूण ८७.५ टक्के होतो. ज्या गाईंवर आपण कळप उभा केला, त्यांचे उरते जेमतेम साडेबारा टक्के. म्हणून वळूची निवड ही एका हंगामाची खरेदी नसते. पुढच्या दहा-बारा वर्षांत गोठ्यात कोणत्या गाई उभ्या असतील, हे त्या दिवशी ठरत असते.

ही जात मुळातच मोजक्या जनावरांवर उभी राहिली, हे मला ठाऊक आहे. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील ह्यू वॉटसन यांच्या कीलर येथील कळपातला १८४२ साली जन्मलेला ओल्ड जॉक पुढे वंशनोंदवहीत पहिल्या क्रमांकाने नोंदला गेला. परंतु त्याच कळपातल्या ओल्ड ग्रॅनी या गाईचे नाव आजही घेतले जाते ते तिच्या दीर्घायुष्यासाठी आणि तिने दिल्याचे सांगितले जाते त्या २९ वासरांसाठी. नाव आणि टिकाऊपणा तेव्हा एकत्र नांदत होते. पुढे ते वेगळे झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील प्रदर्शनांत बुटकी, आखूड पायांची जनावरे बक्षिसे मिळवत होती. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत वारे फिरले आणि उंच, लांब पायांच्या जनावरांची चढाओढ लागली. दोन्ही काळांत प्रभावी वळू होतेच, आणि दोन्ही काळांतील कळपांना ते निस्तरायला वर्षे लागली.

सर्वांत मोठा धडा २००८ सालचा आहे. जीएआर प्रिसिजन १६८० हा १९९० साली जन्मलेला वळू मांसातील चरबीच्या जाळीसाठी, म्हणजे मार्बलिंगसाठी, अतिशय नावाजलेला होता आणि त्याचे रक्त जातीत दूरवर पसरले होते. मग काही कळपांत वाकडा कणा आणि ताठरलेले सांधे असलेली मृत वासरे जन्मू लागली. हा आर्थ्रोग्रायपोसिस मल्टिप्लेक्स नावाचा अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच दिसणारा, जनुकदोष निघाला. त्याचा माग प्रिसिजनमार्फत त्याच्या आईच्या बापापर्यंत, राइटो ९जे९ या वळूपर्यंत, गेला. पुढच्याच वर्षी मेंदूत पाणी साचण्याचा आणखी एक अप्रभावी दोष प्रिसिजनच्याच वंशात सापडला. वाहक, म्हणजे एकाच बाजूने दोष आलेल्या आणि स्वतः निरोगी दिसणाऱ्या, वळूच्या मुलींपैकी सरासरी निम्म्या वाहक असतात. त्या सगळ्यांवर दुसरा वाहक वळू वापरला, तर सरासरी आठांत एक वासरू दगावते. दोष एका वळूत असणे ही निसर्गाची गोष्ट आहे. तो दोन्ही बाजूंनी एकाच वासरात येऊन मिळतो, तो मात्र आपल्या निवडीमुळे.

सिद्धरेत

धागाकर्त्यांनी मांडलेला इतिहास बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो.

पहिली बाब २००८ ची. प्रत्येक जनावरात काही अप्रभावी दोष दडलेले असतात, अनोळखी वळूतही असतातच. नावाजलेल्या वळूची संतती हजारोंनी असते, म्हणून त्याचा दोष लवकर उघडकीस येतो, वंशावळीतून त्याचा माग काढता येतो आणि जनुकचाचणी तयार होऊ शकते. त्या वेळी हे काम विलक्षण वेगाने झाले आणि आज त्या दोषांची चाचणी ही नोंदणीकृत कळपांत नित्याची बाब आहे. वाहक ठरलेला वळू चाचणी केलेल्या निर्दोष गाईंवर वापरला, तर एकही वासरू त्या दोषाने मरत नाही. अनोळखी वळूने कळपात काय पेरले, हे मात्र आपल्याला आपल्याच मेलेल्या वासरांवरून कळणार.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मुलींच्या टिकाऊपणावरून वळू पारखावा, असे आपण म्हणता. तो पुरावा येतो केव्हा, याचा विचार करावा. वळू सव्वा वर्षाचा असताना वापरला, तर त्याची पहिली वासरे येईपर्यंत तो दोन वर्षांचा होतो. त्यातल्या कालवडी दोन वर्षांच्या होऊन पहिल्यांदा वितात, तेव्हा तो चार वर्षांचा असतो. आणि त्या सहा वर्षांच्या होऊनही कळपात आहेत की नाहीत हे कळते, तेव्हा तो आठ वर्षांचा झालेला असतो. तोपर्यंत ज्याचे रेत साठवले गेले आणि अनेक कळपांत वापरले गेले, अशाच वळूबद्दल हा पुरावा हाती येतो. म्हणजे आपली कसोटी लावायची म्हटली, तरी वळू नावाजलेलाच हवा. एन बार इम्युलेशन ईएक्सटी या १९८६ च्या वळूचे नाव मुख्यतः त्याच्या मुलींनी टिकवले. त्याच्या संततीच्या तापट स्वभावाबद्दलच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत, हे मान्य. परंतु त्या तक्रारी आपल्याला ठाऊक आहेत, त्या केवळ तो इतक्या ठिकाणी वापरला गेला म्हणूनच.

ईपीडीचा, म्हणजे अपेक्षित संतती-फरकाचा, आकडा त्याच्या विश्वासार्हतेसह वाचावा लागतो. दूध तोडतानाच्या वजनासाठी एका वळूचा आकडा ६० आणि दुसऱ्याचा ५० असेल, तर सारख्या परिस्थितीत पहिल्याची वासरे सरासरी १० पौंडांनी जड भरतील, एवढाच त्याचा अर्थ. ज्याची विश्वासार्हता ०.९५ आहे, त्याचा आकडा फारसा हलत नाही. केवळ आई-बापांच्या सरासरीवर आधारलेला कोवळ्या वळूचा आकडा पुढच्या वर्षी कुठे जाईल, हे कोणीच सांगू शकत नाही. कालवडींवर वळू सोडताना तर मी नाव आणि विश्वासार्हता यांपलीकडे काही पाहतच नाही. अडलेली कालवड आणि तिच्या पोटात गेलेले वासरू हे नुकसान कोणत्याही तत्त्वाने भरून निघत नाही.

खूरपारखी

दोघेही आकड्यांबद्दल बोलत आहेत, म्हणून जनावराच्या पायांकडे लक्ष वेधते. मुलगी कळपातून बाहेर पडते त्याची दोन मोठी कारणे म्हणजे गाभ न राहणे आणि पाय बिघडणे, आणि यांतले दुसरे वळूला समोर उभा करून पाहता येते.

वळू कठीण, सपाट जमिनीवर उभा करून पाहावा. गवतात, चिखलात किंवा गव्हांड्याच्या जाड थरावर खूर दिसत नाहीत. नख्या नुकत्याच कापल्या आहेत का, हे आधी विचारावे, कारण कापलेली नखी खोटे बोलते. मग पुढच्या पायाच्या दोन्ही नख्या वरून पाहाव्यात: लांबीला सारख्या, टोके सरळ पुढे आणि मध्ये बेताचे अंतर हवे. एक नखी दुसरीपेक्षा वाढून टोक आत वळू लागले, की काही वर्षांत कात्रीसारख्या एकमेकींवर चढलेल्या नख्या दिसतात. बाजूने पाहताना टाच पुरेशी उंच आणि खुराच्या वरचा सांधा साधारण ४५ अंशांत कललेला असावा. टाच बसली आणि नखी लांबली, की जनावर चरायला चालेनासे होते. अमेरिकन अँगस असोसिएशनच्या पद्धतीत नख्यांची ठेवण आणि पायाचा कोन यांना १ ते ९ गुण देतात, त्यात ५ हा आदर्श आहे. या दोन्हींचे ईपीडीही आता मिळतात आणि त्यांत कमी आकडा चांगला समजतात. वाढ आणि मार्बलिंग यांमागे धावताना या जातीने खुरांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यात नावाजलेल्या वळूंचा वाटा मोठा आहे.

जनुकांक

सिद्धरेत यांचा आठ वर्षांचा हिशेब अचूक आहे, पण तो जुन्या काळातला आहे. २०१७ पासून अँगसच्या मूल्यमापनात वंशावळ, नोंदी आणि जनुकचाचणी यांचा एकाच गणितात विचार होतो. चाचणी झालेल्या एका वर्षाच्या वळूबद्दल अनेक गुणांच्या बाबतीत साधारण दहा-वीस वासरांच्या नोंदींइतकी माहिती मिळू शकते. सुधारणेचा वेग निवडीच्या काटेकोरपणावर आणि अचूकतेवर जितका अवलंबून असतो, तितकाच पिढ्यांमधील अंतरावरही असतो. आठ वर्षांचा सिद्ध वळू वापरणारा अचूकता मिळवतो, पण तेवढ्यात इतरांच्या दोन-तीन पिढ्या पुढे निघून जातात. चार-पाच तरुण, चाचणी झालेले वळू मिळून वापरावेत. त्यांतला एखादा अपेक्षेपेक्षा हलका निघाला, तरी त्या गटाची सरासरी फारशी ढळत नाही.

एक मर्यादा मात्र नोंदवतो. प्रजननक्षमतेच्या गुणांची आनुवंशिकता, म्हणजे जनावरांमधील फरकात वंशाचा वाटा, बरीच कमी आहे, मार्बलिंगसारख्या मांसगुणांची त्याच्या कित्येक पट आहे. त्यामुळे धागाकर्त्यांना ज्या गुणांची काळजी आहे, नेमके त्याच गुणांत तरुण वळूचा अंदाज सर्वांत कच्चा असतो.

वंशवेध

सिद्धरेत, मुलींचा पुरावा नावाजलेल्या वळूंबद्दलच मिळतो, हा आपला मुद्दा बिनतोड आहे आणि माझ्या मांडणीत त्याला जागा आहे. पण विश्वासार्हता काय सांगते? वळू जे देणार आहे ते नक्की देईल, एवढेच सांगते. जे देणार आहे ते आपल्या कळपाला हवे आहे का, याचे उत्तर त्या ०.९५ मध्ये नसते. दुधाचेच पाहा. भरपूर दूध देण्याची क्षमता असलेल्या गाईचा निर्वाहाचा खर्च ती भाकड असतानाही जास्त असतो. चारा बेताचा असलेल्या ठिकाणी अशी गाय स्वतःच्या अंगावरचे मांस वासराला पाजते, वेळेत माजावर येत नाही, आली तर उलटते, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येते, आणि तिसऱ्या वेताआधीच विक्रीला निघते. वासरांच्या वजनाची नोंद उत्तम, वळूचे नाव आणखी मोठे, आणि गाय मात्र गेलेली.

निर्देशांकांचे, म्हणजे अनेक गुण एकत्र करून काढलेल्या आकड्यांचेही तसेच आहे. डॉलर-बी हा निर्देशांक वासरांची विक्रीआधी गोठ्यात खाऊ घालून होणारी वाढ आणि मांसाची प्रत यांवर बेतलेला आहे. कालवडी राखून ठेवण्याचा विचार त्यात धरलेलाच नाही. त्याच्या आधारे वरच्या यादीत आलेला वळू ज्याची सगळी वासरे विकायची आहेत त्याच्यासाठी उत्तम असेल. त्याच वळूच्या मुली राखणाऱ्याने आधी डॉलर-एम हा मातृगुणांचा निर्देशांक पाहावा, मग प्रौढ वजन, मग खूर. खूरपारखी यांनी दिलेली रीत मी अक्षरशः पाळावी अशी समजतो. ज्याचे केवळ रेतच मिळते, त्याच्या मुली जिथे असतील तिथे जाऊन त्यांचे खूर आणि कास पाहाव्यात.

आता मर्यादेबद्दल. राखून ठेवलेल्या कालवडींपैकी एका वळूच्या मुली एक-चतुर्थांशाहून अधिक नसाव्यात, आणि त्या वळूचा मुलगा पुन्हा त्याच कळपावर सोडू नये, असे मी सुचवतो. सावत्र भावा-बहिणींच्या मीलनातून झालेल्या वासराचा अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे नात्यातल्या मीलनाचे माप, १२.५ टक्के होतो. तेवढ्याने वासरू वाकडे जन्मतेच असे नाही, पण गाभ राहण्याचे प्रमाण, वासरांचे तगणे आणि वाढ या सगळ्यांतून थोडे थोडे कमी होत जाते. नुकसान इतके विखुरलेले असते की त्याचा दोष कोणी त्या नावाला देत नाही. ज्ञात दोषांची चाचणी होते हे खरे, तरी हे नुकसान कोणत्याही एका चाचणीत सापडणारे नाही.

सिद्धरेत

दूध आणि निर्देशांक यांबद्दल आपले म्हणणे मी स्वीकारतो. मातृगुणांची यादी वेगळी ठेवावी आणि चारा पाहून दुधाचा आकडा मध्यम राखावा, यावर आपले एकमत आहे असे धरू.

एक-चतुर्थांशाची मर्यादा मात्र मला मान्य नाही. चाळीस गाईंच्या कळपात चार-पाच वळू वापरायचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा वासरे येतात आणि त्यांतल्या कालवडी फार तर चार-पाच. एवढ्या थोड्या संततीवरून कोणता वळू आपल्या जमिनीला आणि चाऱ्याला मानवला, हे ठरवताच येत नाही. दुष्काळ, आजारपण किंवा एखादी कमजोर गाय यांनीच ती तुलना बिघडते. अशा कळपात मी दोनच सिद्ध वळू घेईन, त्यांतला एक कालवडींसाठी विण्याच्या सुलभतेवर निवडलेला, आणि तीन वर्षांनी दोन्ही बदलेन. एकाच वेळी अनेक वळू वापरून जे साधायचे, ते वळू वेळेवर बदलूनही साधते. आणि सावत्र भावंडांचे मीलन टाळायला वंशनोंद नीट ठेवणे पुरेसे आहे.

वंशवेध

तीन वर्षांनी वळू बदलणे मला चालेल, मात्र नवा वळू जुन्याचा मुलगा किंवा नातू नसावा. आज नावाजलेल्या वळूंच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर तीन-चार पिढ्या मागे त्याच त्या पूर्वजांची नावे आढळतात. म्हणून नाव वेगळे आहे एवढ्यावर समाधान मानू नये. रेत मागवण्याआधी आपल्या गाईंच्या गटाशी त्या वळूचे नियोजित मीलन मांडून होणाऱ्या वासराचा गुणांक काढावा, आणि तो सव्वासहा टक्क्यांच्या वर गेला तर तो वळू, कितीही मोठ्या नावाचा असला, तरी त्या गटासाठी सोडून द्यावा. चाळीस गाईंच्या कळपात एवढे पाळले गेले, तर माझ्या एक-चतुर्थांशाचा आग्रह मी धरणार नाही. दोनशे गाईंच्या कळपात मात्र धरीन.