शुगर निघाली की भात-बटाटा एकदम बंदच करायचा का?

चाफेकळी:
आईला टाइप २ डायबिटीस निघालाय, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८, गोळ्या सुरू झाल्यात. घरात जो येतो तो सांगतो भात बंद, बटाटा बंद, ब्रेड बंद, ती आता ताट बघूनच वैतागते. चहात साखर तर ती आधीपासूनच घेत नाही. प्रमाणात चालतं म्हणतात पण प्रमाण म्हणजे किती ते कोणीच धड सांगत नाही.

कमीगोड:
बंद नका करू, मोजा. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच साखळ्या, त्यामुळे साखर सोडली तरी भाताने शुगर वाढणारच. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब्ज (म्हणजे स्टार्च, साखर वगैरे), उकडलेल्या बटाट्यात २० च्या आसपास. थोडे दिवस वजनकाट्यावर मोजून वाढा, मग नजरेला अंदाज येतो. ताटात अर्धी भाजी-सॅलड, पाव भाग प्रोटीन, उरलेल्या पावात स्टार्च. बटाटा भाजीत धरायचा नाही हं, तो स्टार्चच, इथेच बहुतेक लोक गंडतात. आणि भात घेतला तर ब्रेड नाही.

रात्रपाळी:
+१. पण तक्त्यापेक्षा घरच्या शुगर मोजायच्या मीटरवर भरवसा ठेवा, कारण तोच भात एकाला सोसतो, दुसऱ्याला नाही. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा बघायचं. बऱ्याच जणांना नंतरचं १८० च्या आत ठेवायला सांगतात, आईचं टार्गेट डॉक्टरांना विचारा. आधी भाजी-प्रोटीन खाऊन भात शेवटी घेतला आणि मग थोडं चाललं तरी आकडा कमी येतो.

खवय्या_०९:
ब्राउन राइस आणला तर पोटभर चालेल ना? आणि भात गार करून खाल्ला की शुगर वाढत नाही असं ऐकलंय

कमीगोड:
@खवय्या नाही हो :) ब्राउनमध्ये फायबर जास्त पण कार्ब्ज जवळपास तेवढेच. गार केल्यावर थोडा स्टार्च न पचणारा होतो हे खरंय, पण थोडाच. आणि बाहेर ठेवून गार करू नका, त्यात बॅक्टेरिया वाढतात, लगेच फ्रिजमध्ये टाका.

रात्रपाळी:
चाफेकळी, गोळी कुठली आहे? ग्लिमेपिराइडसारखी, म्हणजे शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी असेल तर भात एकदम तोडल्यावर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असं काही झालं तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, भात-ब्रेड नाही, त्याला वेळ लागतो. १५ मिनिटांनी परत चेक.

चाफेकळी:
ग्लिमेपिराइडच आहे!! आणि आईने दोन्ही वेळचा भात सोडलाय. आत्ताच डॉक्टरांना फोन करते.