मदत हवी आहे : फाइलला खणाचं कापड चिकटवायचं कसं?

नमस्कार मंडळी. घरातली विजेची बिलं, विम्याचे कागद, आईचे रिपोर्ट, सगळं एका जागी ठेवायला ए-४ मापाची दोन रिंगांची जाड फाइल अप्पा बळवंत चौकातून आणलीय. ती काळी कुळकुळीत फाइल रोज बघवत नाही, म्हणून बाहेरून खणाचं कापड लावायचं ठरवलंय. काठ कण्यावर उभा येईल असा बेत आहे.

अडचण चिकटवण्याची. खण पातळ, त्यामुळे फेविकॉल आरपार येऊन डाग पडतील अशी धास्ती वाटते. गव्हाची खळ वापरावी असं सासूबाई म्हणतात, पण पुण्याच्या पावसाळ्यात तिला बुरशी धरेल ना? मोरचूद घातलं तर टिकते म्हणे, पण ते विषारी, आणि घरात लहान मूल आहे. कापडाला मागून इस्त्रीने चिकटणारं कॅनव्हास (शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते अस्तर) लावून मग फेविकॉलचा पातळ हात दिला तर चालेल का? कोणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे कणा. फाइल बंद असताना कापड ताणून बसवलं तर उघडताना सुरकुत्या पडतील, की उलट? चारही बाजूंनी अडीच-तीन सेंटीमीटर कापड आत दुमडायला सोडणार आहे. कोपरे तिरके कापायचे हे माहीत आहे.

आरसे आणि लेस नंतर बघू. कॅनव्हास रविवार पेठेत, बोहरी आळीत सुटं, मीटरवर मिळेल का? कृपया 'तयार खणाची फाइल विकत घ्या' असं सुचवू नका, त्या किमती बघून झाल्यात!