मदत हवी आहे: जुन्या लेथच्या बुलगिअरचे तुटलेले दाते, डव्हटेल तुकडा बसवावा की स्टड?

नमस्कार.

कोल्हापुरातील आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये सपाट पट्ट्यावर चालणारा, इंग्लिश बनावटीचा एक जुना लेथ (धातू फिरवून कातण्याचे यंत्र) आहे. त्याच्या बॅकगिअरमधील (गती मंद करणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडणीतील) मोठ्या चाकाचे, म्हणजे बुलगिअरचे, लागोपाठ तीन दाते मुळापासून तुटले आहेत. कारण नेहमीचेच आहे. घट्ट बसलेला चक (काम पकडणारा जबडा) सोडवताना बुलगिअरला थेट गतीसाठी पुलीशी जोडणारी पिन तशीच ठेवून बॅकगिअरही अडकवायचा, स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य दांडा) जाम करायचा आणि चकाला हिसका द्यायचा, ही खोड पूर्वीच्या कारागिरांना होती; बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) दात्याला नेमका तोच धक्का सोसत नाही. थेट गतीवर लेथ आजही उत्तम चालतो, परंतु आटे पाडण्यासाठी आणि मोठ्या व्यासाच्या फेसिंगसाठी (दर्शनी बाजू सपाट कातण्यासाठी) लागणारी मंद गती बंद पडली आहे.

चाकाला ६४ दाते असून बाहेरचा व्यास २०९.५ मि.मी., म्हणजे सव्वाआठ इंच भरतो. दात्यांच्या संख्येत दोन मिळवून ६६ ला सव्वाआठने भागले की डायमेट्रल पिच (डीपी, म्हणजे पिच व्यासाच्या दर इंचामागे दाते) बरोबर ८ येतो. मेट्रिक हिशेबाने हे मॉड्यूल (दात्याच्या आकाराचे माप) ३.१७५ होते, त्यामुळे ३ किंवा ३.२५ चा कटर चालवून घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. दाबकोनासाठी (दात्याच्या बाजूचा कल २० अंशांचा की साडेचौदा, हे ठरवण्यासाठी) व्हर्निअरने आधी पाच आणि मग सहा दात्यांवरून माप घेतले. दोन्ही मापांतील फरक २० अंशांच्या दात्यांत सुमारे ९.३७ आणि साडेचौदा अंशांच्या दात्यांत ९.६६ मि.मी. असायला हवा, माझा ९.६५ च्या आसपास आला. दाते झिजलेले असले तरी झीज दोन्ही मापांत सारखीच येत असल्याने या पद्धतीवर माझा विश्वास आहे.

ब्रेझिंगचा (पितळ वितळवून जोडण्याचा) पर्याय बहुतेक जण सुचवतात, पण मला तो नको आहे. तुटलेला भाग दोन आऱ्यांच्या मधोमध आहे. तेवढीच कड तापवली तर ती फुगेल, आरे थंड राहतील आणि निवताना एखादा आरा तडकण्याची भीती आहे. संपूर्ण चाक सारखे तापवून राखेत हळूहळू निववण्याची सोय आमच्याकडे नाही. शिवाय इतक्या वर्षांचे तेल बिडात मुरलेले आहे, ते वेगळेच.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक दात्याच्या जागी आटे पाडून स्टडची (आटे असलेल्या छोट्या दांड्यांची) रांग बसवायची आणि कानशीने दात्याचा आकार द्यायचा. पिच रेषेवर (दात्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर) दात्याची जाडी जेमतेम ५ मि.मी. असल्याने स्टड त्याहून फार जाड घेता येत नाहीत, आणि सलग तीन दाते केवळ स्टडवर टिकतील असे मला वाटत नाही. एकच दाता असता तर हेच केले असते.

म्हणून कडेत डव्हटेल (तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद) खाच घेऊन एकसंध तुकडा ठोकून बसवावा, त्याला बाजूने पिना माराव्यात आणि शाबूत दात्यांमधील खाचेबरहुकूम घासलेल्या फॉर्म टूलने शेपरवर (हत्यार पुढे-मागे सरकवून कापणाऱ्या यंत्रावर) नवे दाते पाडावेत, असा विचार आहे. दात्याच्या मुळाखाली कडेची जाडी १२ मि.मी. आहे. त्यात ६ मि.मी. खोल खाच घेतली तर कड कमकुवत होईल का? तुकडा बिडाचाच घ्यावा की ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा), आणि ईएन-८ घेतल्यास समोरचा पोलादी पिनियन (लहान दातेरी चाक) लवकर झिजेल का? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी, किंवा इथल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीत ८ डीपीचा २ नंबरचा (६४ दात्यांना चालणारा) कटर कोणाकडे मिळेल हे ठाऊक असलेल्यांनी, कृपया कळवावे.